मंजुरी आधी, अभ्यास मागून

पर्यावरण मंजुरीच्या फेऱ्यांत मोठे जलविद्युत प्रकल्प रखडतात, हे एका लेखातलं म्हणणं आम्हा नंदुरबारकरांना पटणं कठीण आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला जून १९८७ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा पाणलोट क्षेत्र, वनस्पती-प्राणी, आरोग्य, पुनर्वसन यांचे अभ्यास अपुरेच होते. ते बांधकामासोबत पूर्ण करा, एवढीच अट. भिंत चढत गेली, अभ्यास मागेच राहिले. मणिबेलीसह आमच्या जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडिताच्या यादीत होती! १४५० मेगावॅटमधली २७ टक्के वीज महाराष्ट्राच्या वाट्याची, हेही खरं, आणि विजेला माझा विरोध नाही.

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस आणि प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. चांगलंच आहे. पण धडगावकडच्या डोंगरात घराघरात पावरी, भिलोरी बोलतात. मराठीतला जाड सारांश तहसील कार्यालयात ठेवून त्यांच्यापर्यंत काय पोचणार? सुनावणी पाड्याजवळ घ्या, त्यांच्या बोलीत समजावून सांगा, आणि ज्यांची जमीन जाणार त्यांना आधी बोलू द्या. पुनर्वसनाची जमीन दाखवल्याशिवाय मंजुरीवर सही होऊ नये.