भाटी, आमरस आणि बळदातले उंदीर

ताई,

मांजराला फळं चालतात का, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "आमची भाटी (मांजरी) अंबाजोगाईच्या वाड्यात बारा वर्षं दूध-भाकरीवर जगली. उन्हाळ्यात आमच्यासोबत आमरस चाटायची. तिला कधी काही झालं नाही. इंग्रजी वाचून लोकांना उगं भिववू नका."

निम्मा ठपका मान्य. 'एक द्राक्ष मांजराचा जीव घेऊ शकतं' हे वाक्य मी ठोकून दिलं होतं, ते आज काढलं. द्राक्षं-मनुके खाऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी मुख्यतः कुत्र्यांच्या आहेत, मांजरांच्या फार थोड्या. कुत्र्यांच्या बाबतीत संशय टार्टरिक आम्लावर आहे, आणि ते आपल्या चिंचेतही भरपूर असतं. मांजराला यातून मिळण्यासारखं काहीच नाही, तेव्हा द्राक्ष, मनुका, चिंच लांबच ठेवा, एवढं मात्र मी लेखात राहू दिलंय.

आता तुमच्या भाटीकडे येतो. ती दूध-भाकरीवर जगली हे मला पटत नाही. वाडा म्हटलं की माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर आलं, बळदात, म्हणजे धान्याच्या कोठारात ज्वारी आली, आणि ज्वारी तिथं उंदीर. घर झोपल्यावर ती कुठं जात होती, विचार करा. दूध-भाकरी तिची न्याहारी होती. जेवण बळदात व्हायचं.

मांजराच्या शरीरात टॉरिन नावाचं पोषक द्रव्य पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू ढिले पडतात. 'अ' जीवनसत्त्वाचंही तसंच. पिवळ्याधमक आंब्यातल्या कॅरोटीनपासून आपलं शरीर ते बनवतं, मांजराचं बनवू शकत नाही. त्याला ते उंदराच्या काळजातूनच, म्हणजे यकृतातूनच, आयतं मिळतं. आणि 'क' जीवनसत्त्वासाठी फळ द्यावं म्हणाल, तर ते मांजर स्वतःच्या यकृतात तयार करतं.

हे मी पुस्तकातून आधी शिकलो असतो तर बरं झालं असतं. आमचं घर माळकरी. लातुरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पहिली मांजर आणली, ती दूध, भाकरी आणि केळ्यावर वाढवली. उंदीर कुठून येणार तिथं? दीड वर्षात ती भिंतींना धडकायला लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, "खाते काय?" टॉरिन सुरू केलं, पण गेलेली नजर परत आली नाही. घरात मांसाचं खाणं आणायचं कसं, यावर आमची आठवडाभर खलबतं चालली. शेवटी आजीच म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या न्हाई." तेव्हापासून कॅट फूडचं पाकीट बाल्कनीत, वेगळ्या डब्यात असतं. आई ते वाढताना अजून नाकाला पदर लावते.

म्हणून फळाची भीती मला कमी वाटते. फळाने पोट भरलं असं समजण्याची जास्त वाटते. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, आणि वरचा खाऊ त्याच्या एक दशांशाच्या आतच असावा. अर्धापूरच्या केळ्याच्या चार पातळ चकत्यांतच तो कोटा संपतो. केसर आंब्याचा साल-कोय काढलेला नखाएवढा तुकडा चालेल, बिया काढलेलं टरबूजही. सीताफळाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे : बियांची पूड आपल्याकडे उवा मारायला लावायचे आणि डोळ्यात गेली तर काय होतं हे आयाबायांना ठाऊक आहे. खाऊन झाल्यावर बिया ताटात पडू देऊ नका. मोसंबीला मांजर स्वतःच नाक मुरडतं. त्याने घरात मुतू नये, गादीवर बसू नये म्हणून सालीचं तेल शिंपडणारे लोक भेटतात. ते करू नका. असली तेलं पचवायला मांजराचं यकृत कमजोर असतं, आणि अंगाला लागलेलं ते चाटतंच.

राहिला आमरस. मांजराला गोड कळतच नाही. गोडी ओळखणाऱ्या जोडीतलं एक जनुक त्यांच्यात मोडलेलं आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवलं. मग भाटी वाटी का चाटायची? माझी पैज तुपावर आहे. आमच्याकडे आमरसात दूध आणि वरून तुपाची धार असते, आणि स्निग्ध वास मांजराला लांबून येतो. (आमच्या आंधळीला खरबुजाचं वेड आहे. चिरायला घेतलं की भिंतीच्या कडेकडेने बरोबर स्वयंपाकघरात येते. दोन घास देतो.)

तेव्हा तेवढं आठवून कळवा ताई : तिच्या वाटीत तूप असायचं का?