गल्ल्यात खोटं टोकन नाही, म्हणजे फसवणूक नाही?

नमस्कार,

टोकनवर चालणाऱ्या खेळांच्या मशीनमध्ये खोटी टोकनं कशी पकडायची, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचून आधी थोडा रागच आला. मग लेख पुन्हा उघडला आणि निदान एका ठिकाणी तुम्ही माझं पितळ उघडं पाडलंय हे मान्य करावं लागलं. तेही पितळेबद्दलच्याच वाक्यात.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही वीस वर्षं मशीनं चालवताय. चुंबक आणि वजनाचा पाळणा असलेला जुना यांत्रिक अ‍ॅक्सेप्टर (टोकन तपासून आत घेणारा किंवा परत टाकणारा मशीनचा भाग) तुम्हाला पुरतो. इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सेप्टर खरी टोकनंच परत फेकतात आणि खेळायला आलेली पोरं वैतागतात. गल्ल्यात खोटी टोकनं वर्षाकाठी दोन-चार निघतात, तेव्हा मी उगाच पराचा कावळा करतोय. आणि हे सगळं जाहीर लिहून मी माकडाच्या हाती कोलीत दिलंय.

आधी चुकीबद्दल. मी लिहिलं होतं की पितळेवर चुंबकाचा काहीच परिणाम होत नाही. तुम्ही विचारलंत, मग माझ्या अ‍ॅक्सेप्टरमध्ये पितळी टोकन चुंबकापाशी रेंगाळतं ते का? प्रश्न रास्त आहे. चुंबक पितळेला ओढत नाही, एवढंच खरं. पण धातूची चकती चुंबकाच्या क्षेत्रातून घरंगळत जाते तेव्हा तिच्या आत विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरायला लागतात आणि ते चकतीला मागे खेचतात. हा ब्रेक किती जोरात लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं: धातूतून वीज किती सहज वाहते आणि तो धातू किती जड आहे. तांब्याची वाहकता 100 धरली तर पितळेची 28च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची 61, शिशाची जेमतेम 8. म्हणून हलकं आणि चांगलं वाहक अ‍ॅल्युमिनियम सगळ्यांत जास्त रखडतं, शिसं जवळजवळ तसंच सुसाट पुढे जातं आणि पितळ मधल्या वेगाने बाहेर पडतं. उतारावरून सुटलेलं टोकन जिथे पडतं तिथे बसवलेली पट्टी एवढ्यावरच निवाडा करते. कुणाचीही उडी कमी पडली किंवा जास्त झाली, की रवानगी परतीच्या वाटेला. तुमचा जुना अ‍ॅक्सेप्टर हे काम विजेच्या एका तारेशिवाय करतो. त्याला मी "नुसतं लोखंड पकडणारं चुंबक" म्हणालो, ते वाक्य लेखातून काढलंय.

आता वजनाचा पाळणा. तो फक्त खालची मर्यादा बघतो. टोकन पुरेसं जड असेल तर कलतो, नाहीतर नाही. वाजवीपेक्षा जड असलेल्याला तो अडवत नाही, आणि हलक्याच्या बाबतीतही त्याला थोडी सवलत द्यावीच लागते, कारण वर्षानुवर्षं हातातून फिरलेलं खरं टोकनही झिजतं. खोटं टोकन नेमकं या सवलतीच्या फटीतून आत येतं.

एक उदाहरण घेऊ. जस्ताची वाहकता पितळेच्या जवळपास तेवढीच, म्हणजे 28च्या आसपास. वरून पितळी मुलामा दिलेली जस्ताची चकती डोळ्याला खरीच वाटेल, आणि नुसती वाहकता मोजणाऱ्या साध्या सेन्सरलाही. ती उघडी पडते ती वजनात. 25 मिलीमीटर व्यासाचं, 1.8 मिलीमीटर जाडीचं पितळी टोकन साधारण 7.5 ग्रॅम भरतं, तर तेवढंच जस्ताचं 6.3. उलट शिशाची चकती वजनाच्या पाळण्यावरून आरामात पार होईल, कारण ती 10 ग्रॅम भरते. तिला पकडायचं तर वाहकता बघावी लागते. किंवा आवाज! खोटं नाणं बद्द वाजतं हे आपल्या आज्या-पणज्या फरशीवर आपटून सांगायच्या. काही अ‍ॅक्सेप्टरमध्ये टोकन कडक ठोकळ्यावर आदळवून तो धक्का पीझो सेन्सरने, म्हणजे धक्क्यातून विजेचा इशारा बनवणाऱ्या सेन्सरने, ऐकतात. मऊ शिसं तिथे खणखणत नाही. यंत्र नवं, परीक्षा जुनीच.

म्हणून "चुंबक आणि वजन पुरतं" हे मला पटत नाही. पण "नुसता इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सेप्टर लावा, काम झालं" असंही मी म्हणत नाही. नुसती वाहकता बघणाऱ्या कुठल्याही यंत्राला चकवता येतं, आणि ते एका सरकारने कायदेशीरपणे करून दाखवलंय. अमेरिकेने 1965मध्ये डाइम आणि क्वार्टर या नाण्यांतली चांदी काढून टाकली. पण देशभरातली विक्रीयंत्रं तर 90 टक्के चांदीची नाणी ओळखायला बनवलेली. मग मधोमध शुद्ध तांबं आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकेलचे थर, असं सँडविच निवडलं गेलं. विजेच्या दृष्टीने ते चांदीच्या नाण्याशी इतकं जुळत होतं की यंत्रांनी नवी नाणी मुकाट्याने स्वीकारली. यंत्र धातू ओळखत नाही. ते एक आकडा ओळखतं, आणि तोच आकडा दुसऱ्या वाटेनेही जुळवता येतो.

यावर उपाय म्हणजे एकाऐवजी अनेक आकडे घेणं. इलेक्ट्रॉनिक सेन्सर कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडून धातू तपासतात. जास्त फ्रिक्वेन्सीचं क्षेत्र धातूच्या वरच्या थरापुरतंच शिरतं, कमी फ्रिक्वेन्सीचं आतवर जातं. तांब्यात 100 किलोहर्ट्झला ही खोली सुमारे 0.2 मिलीमीटर असते, 10 किलोहर्ट्झला 0.66. दोन्ही वाचनं घेतली की मुलामा एक गोष्ट सांगतो आणि गाभा दुसरी. त्यात प्रकाशाच्या सेन्सरने मोजलेला व्यास जोडला की लबाडी करणाऱ्याला एकाच वेळी बऱ्याच गोष्टी जुळवाव्या लागतात, आणि त्याचा खर्च टोकनच्या किमतीच्या वर जातो. खोटं टोकन अशक्य करणं कुणालाच जमत नाही. ते परवडेनासं करणं जमतं.

खरी टोकनं परत फेकली जातात, ही तुमची तक्रार खरी आहे. पण बहुतेक वेळा दोष अ‍ॅक्सेप्टरपेक्षा त्याला शिकवण्यात असतो. नमुन्याची टोकनं टाकून शिकवायचे जे अ‍ॅक्सेप्टर असतात, त्यांना लोक पिशवीतली नवी कोरी पंधरा-वीस टोकनं दाखवतात आणि मोकळे होतात. मग झिजलेलं, काळवंडलेलं टोकन आलं की ते त्याला परकं वाटणारच. शिकवताना जुनी, नवी, दोन-तीन वेगवेगळ्या खेपांतली टोकनं मिसळून टाका. त्याआधी टोकनचा उतार पुसून घ्या, कारण सांडलेल्या सरबताचा चिकट थर वेग बदलतो आणि सगळी वाचनं बिघडवतो. एवढ्यानेही नाही भागलं, तरच अचूकतेची मर्यादा सैल करा.

दुसरा प्रकार नमुना टोकन आत कायमचं बसवून ठेवणाऱ्या तुलनात्मक अ‍ॅक्सेप्टरचा. कॉइलच्या एका फटीत नमुना, दुसऱ्या फटीतून गिऱ्हाइकाचं टोकन जातं. दोन्ही जुळले तर स्वीकार. यात मी स्वतः एकदा घोळ घातलाय. दुरुस्तीनंतर टेबलावरचं हाताला लागेल ते टोकन नमुना म्हणून बसवलं, आणि ते नेमकं आधी पकडलेल्या खोट्यांपैकी निघालं. दिवसभर ते मशीन इमानदार माणसांची टोकनं परत करत होतं. चोराची वाट तेवढी मोकळी होती.

आता मूळ मुद्दा. तुम्ही म्हणता, गल्ल्यात खोटी टोकनं फारशी सापडत नाहीत, म्हणजे ती फारशी येत नाहीत. माझं सगळं म्हणणं या "म्हणजे"वर अडतं.

पहिली गोष्ट, चांगलं खोटं टोकन नजरेला सापडतच नाही. अमेरिकेत 1996मध्ये लुई कोलाव्हेकिओ नावाचा माणूस कॅसिनोंची खोटी टोकनं बनवल्याबद्दल पकडला गेला. तो दागिने बनवण्याच्या धंद्यातला, साचे कोरण्यात पारंगत. त्याची टोकनं मशीनं घेत होती. कॅसिनोंना संशय आला तो टोकनं मोजल्यावर. जेवढी बनवून घेतली होती त्यापेक्षा जास्त टोकनं त्यांच्याकडे जमा झाली होती. सेन्सरने मान्य केलेली गोष्ट वहीने नाकारली.

टोकनचा हाच तर फायदा आहे. चलनी नाणी देशभर फिरतात, त्यांचा हिशेब तुमच्या हाती नसतो. टोकनं फिरून फिरून तुमच्याकडेच येतात. एकूण किती बनवून घेतली हे तुम्हाला ठाऊक असतं. काही लोक खिशात घालून घरी नेतात, काही हरवतात, म्हणून तुमच्याकडचा साठा हळूहळू घटायलाच हवा. तो घटत नसेल तर कुणीतरी भर घालतंय. विकलेली आणि गल्ल्यातून निघालेली टोकनं यांचाही असाच मेळ घाला, पण एका दिवसाच्या आकड्यावर उडी मारू नका. मागच्या आठवड्यात नेलेली टोकनं आज परत येऊ शकतात. महिन्या-दोन महिन्यांची एकत्र बेरीज केली आणि तरीही गल्ला विक्रीच्या पुढे असेल, तर मग झोप उडायला हरकत नाही.

टोकनं मोजताना फक्त वजनकाट्यावर विसंबू नका. समजा, वरच्या मापाच्या हजार टोकनांत शंभर जस्ताची मिसळली आहेत. वजन हजार पितळी टोकनांपेक्षा सुमारे 120 ग्रॅम कमी भरेल आणि काटा हजारऐवजी 984 सांगेल. म्हणजे खोटी टोकनं आत असताना तुम्हाला उलट सोळा कमीच आहेत असं वाटेल! नग मोजणाऱ्या यंत्रातून एकदा काढा आणि तोच ढीग काट्यावर ठेवा. दोन आकडे भांडायला लागले की ढिगात काहीतरी आहे. झिजेचाही विचार करा. एक टक्का झीज हजार टोकनांमागे 75 ग्रॅम खाते, तेव्हा जुन्या ढिगात हा फरक संशयापुरताच धरा.

दुसरी गोष्ट, सगळ्या लबाड्या गल्ल्यात पुरावा ठेवून जात नाहीत. दोरा बांधून खरंच टोकन आत सोडायचं आणि वर खेचायचं, ही जुनी युक्ती. ती यशस्वी झाली तर गल्ल्यात काहीच पडत नाही. म्हणूनच चांगल्या अ‍ॅक्सेप्टरमध्ये एकामागोमाग दोन सेन्सर असतात, टोकन खालीच गेलं की उलट फिरलं हे कळावं म्हणून. परतीच्या कळीचाही असाच गैरवापर झालाय. 1990च्या दशकाच्या अखेरीस जपानमधल्या विक्रीयंत्रांत कोरियाची 500 वॉनची नाणी टाकली जात होती. व्यास दोन्हींचा 26.5 मिलीमीटर, धातू दोन्हींत तांबं-निकेल, फरक फक्त वजनाचा: वॉन 7.7 ग्रॅम, 500 येन 7.2. मग वॉनला भोक पाडून किंवा खरवडून अर्धा ग्रॅम उतरवला जायचा. वॉनची किंमत येनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. काही जण तर वस्तूही घेत नसत. नाणं टाकायचं, परतीची कळ दाबायची आणि मशीनच्या साठ्यातलं खरं 500 येन घेऊन चालू पडायचं. शेवटी जपानने 2000मध्ये नाण्याचा धातूच बदलला. वजन बघणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं, कारण त्या भोकांनी वजनच जुळवलं होतं.

चोरांना शिकवण्याबद्दल एवढंच म्हणेन. यातलं काहीही चोराला नवीन नाही. नवीन असतं ते मशीनच्या मालकाला, आणि नुकसानही त्याचंच होतं. कुठल्या अ‍ॅक्सेप्टरला नेमकं कशाने फसवता येतं, याची कृती मी लेखात दिलेली नाही आणि इथेही देणार नाही.

कार्ड लावा, टोकनची कटकटच नको, असं तुम्ही शेवटी म्हणालात. लावा की. फक्त मग ही प्रतिक्रिया आपण दोघं कार्डाच्या घोटाळ्यांबद्दल लिहीत असू.

आणि आता तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य, जे मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. "एका मशीनचा मीटर गल्ल्यापेक्षा दर आठवड्याला तीस-चाळीसने पुढे असतो, पण मीटर जुना आहे." मीटर, म्हणजे आत गेलेली टोकनं मोजणारा काउंटर, जुना आहे म्हणून सोडून देऊ नका. खोटं टोकन आत आलं तर मीटर आणि गल्ला दोन्ही सारखेच वाढतात. मीटर एकटा पुढे जातो तेव्हा दुखणं वेगळं असतं. मशीन बंद करायच्या वेळी गल्ला पूर्ण रिकामा करा, मीटरचा आकडा लिहून घ्या आणि स्वतःच्या हाताने, सावकाश शंभर टोकनं टाका. मीटर 103-104ने वाढला तर तारेच्या काडीचा मायक्रोस्विच (टोकन काडीला घासून गेलं की दबणारं छोटं बटण) उसळतोय आणि एकच टोकन दोनदा मोजलं जातंय. काडी सरळ करा किंवा स्विच बदला, विषय संपला.

मीटर बरोबर शंभरनेच वाढला, तर मीटरला निर्दोष सोडा आणि अ‍ॅक्सेप्टर काढून आतली वाट उजेडात बघा. टोकनच्या फटीच्या वरच्या कडेला दोऱ्याने घासल्याच्या बारीक खाचा आहेत का, क्रेडिटच्या तारेला (टोकन आलं हे मशीनला कळवणाऱ्या) कुणी सांधा मारलाय का, ते तपासा. तिथेही काही नसेल, तर मग त्या गल्ल्याच्या चाव्या किती आहेत आणि कोणाकोणाकडे असतात, हे आठवून बघा. शंभर टोकनांनंतरचा आकडा काय आला ते इथेच कळवा.