साडेसहाचा प्रयोग, सात पंचवीसला

आत्ताच घरी आली. जेवण नंतर, आधी हे लिहून टाकते.

आज एका नव्या नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग. वेळ साडेसहाची, तिसरी घंटा झाली सात पंचवीसला. काऊन? तर प्रमुख पाहुणे "निघाले" होते. आपल्या नागपुरात "निघालो" म्हणणारा माणूस तेव्हा आंघोळीला गेलेला असतो. मग नटराजपूजन, नारळ, शाल-श्रीफळ आणि भाषण. त्यात नाटक सोडून सगळं होतं.

मला माझा कंदील आठवला. आमच्या हौशी ग्रुपचं पहिलं नाटक, अंधारात पेटता कंदील घेऊन माझी एन्ट्री. वाक्य एकच, "उजेड आणलाय, आता बोला." भाषण एवढं लांबलं की विंगेतच रॉकेल संपलं. विझलेला कंदील घेऊन गेली आणि तेच वाक्य बोलली. हॉल खो खो हसला. नाटक गंभीर होतं बाप्पा!

पाहुण्यांमुळे नेपथ्याचा खर्च निघतो, मान्य. सांगलीत १८४३ साली 'सीता स्वयंवर' हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक उभं राहिलं तेही तिथले राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतही उद्घाटक असतातच, पण तिथं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तासभर गेला तरी कोणाचं बिघडत नाही. इथं सभागृह ठरल्या वेळेला रिकामं करून द्यावं लागतं. मग कात्री कशाला लागते? भाषणाला? नाही, नटाच्या पॉजला! दोन महिने तालमीत घासलेला दुसरा अंक आज पाठ म्हटल्यासारखा उरकला.

आणि पाहुणे दहाव्या मिनिटाला उठले. सोबत पहिली रांग उठली, मोबाईलचे टॉर्च लागले, खुर्च्या धाडधाड आपटल्या. नेमकी तेव्हाच एका पोरीची एन्ट्री होती. पहिलंच नाटक तिचं. ओठ हलताना दिसले फक्त.

चिडून काय होणार म्हणा. मीही तेव्हा विंगेत येऊन रडली होती, आणि मेकअपवाल्या काकांनी कंदील हातातून घेऊन नुसता चहा दिला होता. एक शब्द बोलले नव्हते.

प्रयोगानंतर आत भेटायला गेली. पोरगी अर्धा मेकअप पुसलेली, धावत आली. "काकू, माझं पहिलं वाक्य मागंपर्यंत ऐकू आलं ना?"

"आलं ना, स्वच्छ," म्हटलं.

मी तिसऱ्या रांगेत होती.