केबल हातात असताना क्लाउडचा द्राविडी प्राणायाम कशाला?

फोन टेबलावर, कॉम्प्युटर टेबलावर, मध्ये वीतभर अंतर आणि फोनच्या खोक्यातून आलेली केबल हातात. तरीही गिऱ्हाइकाचा नंबर या यंत्रातून त्या यंत्रात न्यायचा तर तो आधी इंटरनेटवरच्या कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर जाणार आणि तिथून फिरून माझ्याच टेबलावर येणार. त्यासाठी इंटरनेट पाहिजे, खातं पाहिजे, पासवर्ड पाहिजे, ओटीपी पाहिजे आणि जागा भरली की दरमहा पैसेही पाहिजेत. का म्हणून? माझा फोन, माझा कॉम्प्युटर, माझी गिऱ्हाइकं. मधला हा तिसरा कोण?

आमचा धंदा बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्टचा. गिऱ्हाईक बहुतेक एमआयडीसीतलं. माझ्या फोनमधला एकेक कॉन्टॅक्ट म्हणजे नुसतं नाव आणि नंबर नसतो. खालच्या नोट्सच्या रकान्यात असतं, ‘लेथला ६२०५ झेडझेड, दोनच कंपन्यांचं चालतं. चेक १० तारखेनंतर. मालकाशीच बोलायचं, स्टोअरवाल्याशी नाही.’ ही वर्षानुवर्षांची कमाई आहे. दुकानातल्या मालाइतकीच तिला किंमत आहे. सिंक, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरमधली माहिती एकमेकांशी जुळवणं, ते झाल्यावर या नोट्स अर्ध्यात तुटलेल्या सापडल्या, काही गायबच. नावं दोन-दोनदा आली, एकात जुना नंबर, दुसऱ्यात नवा, आणि खरा कोणता ते फोन लावूनच कळायचं. कॅलेंडरची तर आणखी वेगळी तऱ्हा. सकाळी ११ ची भेट कॉम्प्युटरवर पहाटे ५:३० ला दिसते! भारताची वेळ आणि सर्व्हरची वेळ यांत साडेपाच तासांचा फरक, आणि तो मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर नीट धरलेला नाही. कुठल्या टप्प्यावर, ते कोणी सांगत नाही. फोनवाला म्हणतो मेलवाल्याला विचारा, मेलवाला म्हणतो ॲपवाल्याला विचारा. कस्टमर केअरच्या मुलीचं एकच पालुपद, ‘सर, नेट चालू-बंद करून बघा.’ अहो, पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे मी, इथे एक काडी रेंज येताना मारामार!

हे आधी असं नव्हतं, म्हणून जास्त चीड येते. १९९६ मध्ये पाम पायलट हा खिशात मावणारा डायरीवजा कॉम्प्युटर निघाला तेव्हा त्याच्यासोबत एक स्टँड यायचा. यंत्र त्यात ठेवायचं, बटण दाबायचं, डायरी आणि पत्ते कॉम्प्युटरशी जुळले, संपला विषय. नंतर आपल्याकडे घरोघरी नोकिया आले. त्यांचा पीसी सूट फार देखणा नव्हता, पण केबल लावली की कॉन्टॅक्ट, कॅलेंडर आणि मेसेजसुद्धा कॉम्प्युटरवर. इंटरनेटशी काही संबंध नाही. जे काम तेव्हाच्या चिमुकल्या फोनला जमत होतं ते आजच्या महागड्या फोनला जमत नाही, हे मला कोणी पटवून देऊ नये.

कारण जमतं, हे सिद्ध झालेलं आहे. ॲपलने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या मॅक कॉम्प्युटरच्या सिस्टीमची मॅव्हरिक्स ही आवृत्ती काढली आणि आयफोनचे कॉन्टॅक्ट-कॅलेंडर केबलने जुळवायची सोय काढून टाकली. आमचा क्लाउड, आयक्लाउड वापरा म्हणाले. ज्यांना आपली माहिती बाहेर पाठवायची नव्हती, अशा लोकांनी आरडाओरडा केला. मे २०१४ मध्ये १०.९.३ या सुधारणेत तीच सोय परत आली. म्हणजे अडचण तंत्राची नव्हतीच, निर्णयाची होती.

आज अँड्रॉइड फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा. फोटो दिसतात, फाइली दिसतात. कॉन्टॅक्ट? कॅलेंडर? नाही. फार तर सगळे कॉन्टॅक्ट एका व्हीसीएफ फाइलमध्ये काढा आणि ती हाताने उचलून टाका. दोन बदल केले तरी परत सगळाच गठ्ठा काढायचा, आणि पुन्हा आत घेतला की पुन्हा डुप्लिकेट. याला सिंक म्हणत नाहीत.

आणि ‘क्लाउडवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे जो तो ऐकवतो, त्याचा तर मला मनस्वी राग येतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे! काउंटरवरच्या मुलाने टॅबवर एक नाव उडवलं की ते माझ्या फोनवरूनही उडतं, घरच्या कॉम्प्युटरवरूनही उडतं. गुगलच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं. तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. पण वर्षातून एकदा, मार्चअखेरीला ऑर्डर देणारं गिऱ्हाईक ३० दिवसांत कसं आठवणार? मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरचंही तेच. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टी-मोबाइलच्या साइडकिक फोनवाल्यांना सांगण्यात आलं, की तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो बहुधा गेले. सर्व्हर मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या डेंजर कंपनीचे होते. पुढे बरीचशी माहिती परत मिळाली, पण मधले दिवस त्या माणसांनी धंदा कसा केला असेल? २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमधून लोकांच्या कित्येक महिन्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या.

पैशांचं पण बोलूच. गुगलची फुकट जागा १५ जीबी, आणि त्यातच मेल, ड्राइव्ह, फोटो, सगळं. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजतात. म्हणजे नातेवाइकांच्या ग्रुपवरचे लग्नाचे व्हिडिओ त्या जागेत साठणार, जागा भरणार, आणि भरली की जीमेलवर नवीन मेल येणंच बंद. गिऱ्हाइकाची पर्चेस ऑर्डर परत जाते! त्याला वाटतं, मी धंदा बंद केला. आणि तो दुसऱ्याकडे गेला, की त्याला परत आणायला किती चपला झिजवाव्या लागतात ते मला विचारा.

वर कायद्याने जबाबदारी माझी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, की लोकांची वैयक्तिक माहिती तुम्ही दुसऱ्याकडून हाताळून घेतली तरी उत्तर तुम्हीच द्यायचं. गिऱ्हाइकाने नंबर माझ्यावर विश्वास ठेवून दिला. तो कुठल्या देशातल्या कुठल्या कपाटात पडलाय, हे मला माहीत नसावं, हे मला मान्यच नाही.

क्लाउड कोणी वापरू नये असं मी म्हणत नाही. फोन चोरीला गेला तर त्याचा उपयोग होतो. फिरतीवरच्या सेल्समनला तर तो लागतोच. ज्याला हवा त्याने खुशाल घ्यावा. पण माझ्यासारख्याला सेटिंगमध्ये एक पर्याय द्या, की केबल लावली की कॉन्टॅक्ट, नोट्स आणि कॅलेंडर थेट माझ्या कॉम्प्युटरशी जुळतील, बदललेलं तेवढंच इकडून तिकडे जाईल आणि बाहेर काही जाणार नाही. एवढं मागणं जास्त आहे का? पुढचा फोन घ्यायला जाईन तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे मी विचारणार नाही. दुकानातच केबल लावून दाखवा म्हणेन. नाव, नंबर आणि खालची नोट जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उतरली, तर पैसे मोजेन. नाहीतर जुनाच फोन वापरेन.