मुट्टब्याड्री

वयाच्या ४७व्या वर्षी कान टोचून घेतलेल्या माणसाला बेळगावात दोनच प्रश्न विचारतात. पहिला, 'का?' दुसरा, 'हळद लावलास काय?' दुसऱ्या प्रश्नाला उत्तराची गरज नसते, विचारणारा स्वतःच लावायला पुढे सरसावतो.

'का'चं उत्तर शिवजयंती. महाराष्ट्रात सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला उरकतात. आमची परंपरेची वैशाखात, आणि चित्ररथांची मिरवणूक एकदा निघाली की उजाडल्याशिवाय आवरत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जिवंत देखावा. इतकी वर्षं मी त्यात मशाल धरणारा मावळा असायचो. यंदा मंडळानं मला सरदार केलं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वीस वर्षं अडकलेलं प्रमोशन गल्लीत मिळालं.

सरदार म्हटला की उजव्या कानात, वरच्या बाजूला, भिकबाळी आली. पोरगा म्हणाला, "पप्पा, प्रेसची आणा की. चिमट्यागत बसते, काम झालं की काढून ठेवायची." पण माझ्या अंगात सरदार शिरलेला. चिमट्याची बाळी घालून कुणी गड घेतलाय?

मिरवणुकीला तीन आठवडे होते. बाजारातल्या एका इमिटेशनच्या दुकानात एक पोरगा गन घेऊन बसलेला. माझ्याआधी एका चिमुरडीचे दोन्ही कान झाले. ती रडली नाही, त्यामुळे माझीही सोय राहिली नाही. त्यानं गन फडक्यानं पुसली. फडकं कशानं पुसलं होतं ते मी विचारलं नाही. ठाक्! कानात कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं आणि डोळ्यांपुढे सगळे गड-किल्ले एकदम येऊन गेले. फाउंड्रीत कच्चा माल आला की मी एकेक इनगॉट उलटापालटा करून बघतो, शंका आली तर गाडी गेटवरून परत पाठवतो. इथे मात्र "गोल्डच आहे सर" एवढ्यावर पैसे मोजले. गोल्ड होतं, वरून.

घरी आईनं कान बघितला आणि हळद-खोबरेल कालवायला घेतलं. "बाळी फिरवत राहा रे, नाहीतर मांस धरतं." शेजारच्या अज्जी कुंपणावरून म्हणाल्या, "बेविन कड्डी हाकरी," म्हणजे कडुलिंबाची काडी घाला. बाळी असताना काडी कुठे घालायची, हे त्यांनी सांगितलं नाही. बायकोनं स्पिरिटचा बोळा आणला, तो टेकवल्यावर मी जे बोललो ते सरदाराला शोभणारं नव्हतं. सीमाभागात एरवी कशावर एकमत होत नाही, पण माझ्या कानाला काहीतरी लावलं पाहिजे यावर दोन्ही भाषा एक झाल्या.

पोरगा तेवढा मोबाईल बघून म्हणत होता, "नुसतं मिठाचं पाणी. कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ." पण मीठ घातलं बायकोनं, आमटीच्या अंदाजानं. कान खारवला.

आणि मी आज्ञाधारकपणे बाळी फिरवत होतो. चहाच्या सुट्टीत फिरवायची, फोनवर बोलताना फिरवायची, शिफ्ट बदलताना फिरवायची. हाताला वाळू, ग्रॅफाइट, कटिंग ऑइल जे असेल ते. भोकाभोवती पिवळट खपली धरायची, ती नखानं खरवडायचा मला छंदच लागला. आमच्या मोल्डरनं एकदा हटकलंसुद्धा, "सायेब, कान हाय की रेडिओ? सारखं काय फिरवताय?"

दहाव्या दिवशी स्टेशन लागलं. कान लाल, तापलेला, ठसठस इतकी की तिच्यावर झांज धरता आली असती. गंमत म्हणजे खालची मऊ पाळी जशीच्या तशी, सुजला होता तो वरचा कडक भाग. कपाटात मागच्या सर्दीतल्या अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल उरलेल्या, त्या संपवल्या. कानाला त्याचा पत्ताही लागला नाही. उजव्या कुशीवर झोपता येईना, हेल्मेट चढेना. गेटाजवळ पोलिसानं अडवलं. मी हेल्मेट हातात धरून कान पुढे केला. "किवीगे एनागेत्री?" असं विचारून त्यानं बराच वेळ निरखून बघितलं आणि दंडाऐवजी हळद सांगितली.

शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोट लावलं नाही. आधी हात धुतले, ग्लोव्हज घातले आणि मग विचारलं, "गन?"

"गन."

"पैलवानाचा कान बघितलाय? फुलकोबी झालेला?"

बघितलाय की. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत लहानाचा मोठा झालोय. डॉक्टर म्हणाले, तुमचा त्याच वाटेवर आहे, फक्त कुस्ती न खेळता. या कडक भागाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या आवरणातून जे झिरपेल त्यावर तो जगतो. म्हणजे कायम उधारीवर. जंतू शिरला की औषधही तिथे सावकाश पोचतं. त्यातून या जागी बऱ्याचदा सापडणारा सुडोमोनास नावाचा जंतू तुमच्या त्या अमॉक्सिसिलिनला भीकच घालत नाही. भिकबाळी असून.

मग त्यांनी गनच्या दोषांचा पाढा वाचला. ती सुईसारखं स्वच्छ भोक पाडत नाही, बोथट खिळा जोरानं घुसवते, आणि कडक भाग आतून चेचतो. तिची प्लॅस्टिकची बॉडी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात, टिकत नाही, म्हणून नुसती पुसतात. पाकीटबंद, एकदाच वापरायची पोकळ सुई हवी होती. ऑटोक्लेव्ह म्हणजे किती तापवतात, मी धंद्याच्या सवयीनं विचारलं. "दाबाखालच्या वाफेत १२१ अंश, पंधरा-वीस मिनिटं." मी १४०० अंशांचं लोखंड ओतणारा माणूस. १२१ला आमची भट्टी कूससुद्धा बदलत नाही, आणि तेवढ्यासाठी मी कान घालवत होतो!

बाळी तुम्ही उपटली नाहीत हे बरं केलंत, म्हणाले, भोक मिटून पू आत कोंडला असता. ती त्यांनी स्वतः काढली, तो प्रसंग मी गाळतो. बाळीवरचं सोनं एका बाजूनं उडालेलं होतं. "खाली निकेल असणार, कित्येकांना त्याची ॲलर्जी असते. टायटॅनियम तरी घालायचं." हे मला! ज्याच्या टेबलावर रोज धातूंचे टेस्ट रिपोर्ट येतात त्याला!

"आणि ती पिवळी खपली?" मी हळूच विचारलं.

"ती पहिले काही दिवस यायचीच. जखमेतून पाझरून वाळलेली नुसती लस असते, आपोआप गळते. खालची पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, वरच्या भागाला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर काय करायचं?" त्यांनी चिठ्ठीवरून मान वर केली. "मुट्टब्याड्री."

हात लावू नका, एवढंच. पण कन्नडमध्ये ते जास्त लागतं.

गोळ्या, दिवसातून दोनदा सलाइननं पुसणं, उशीला रोज धुतलेला अभ्रा, फोन डाव्या कानाला. हे सगळं जमलं. हात न लावणं जमेना. हात आपोआप कानाकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेत बायको "अहो!" म्हणायची. अज्जींनी कुंपणापलीकडून आपला खडा पहारा सुरू केला. शेवटी रात्री मी हातात मोजे घालून झोपू लागलो. वैशाखात.

मिरवणुकीच्या दिवशी सूज उतरली होती, पण डोक्याभोवती बँडेज होतं आणि त्यावर फेटा बसेना. मंडळाची तातडीची बैठक झाली. सरदारपद माझ्या पोराकडे गेलं. कानात प्रेसची भिकबाळी, साठ रुपयांची. माझ्याकडे अध्यक्षांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काका, तुमचा मेकप तयारच हाय की."

अशा रीतीनं मी त्या रात्री जखमी मावळा झालो. ट्रॉलीच्या कोपऱ्यात, गवतावर आडवा, डोळे अर्धे मिटलेले. हलायचं नाही, बोलायचं नाही. खडेबाजारात पोचेतो पहाटेचे तीन वाजले. डासांनी नेमका उजवा कान निवडला. मी दात आवळून पडून होतो. पुढे कुठेतरी ट्रॅक्टर अडले, आमची ट्रॉली थांबली. गर्दीतल्या एका म्हातारीनं पदर सावरत वाकून माझ्याकडे बघितलं, बँडेजला बोट लावायला हात पुढे केला आणि मागे वळून ओरडली, "अग बाई, हे खरंच लागलंय गे! कुणीतरी हळद आणा की!"