लोकांना काय सांगायचं?

कोल्हापुरात पोरीसुद्धा ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यात कॉलेजला गेल्यावर त्यावर हसणारे भेटले, पण मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या कानाला ते खटकत नव्हतं. त्यामुळं मी स्वतःला मुलगा समजतो हे माझ्या बोलण्यातून कधी बाहेर पडलंच नाही. भाषेनं मला अठरा वर्षं पदराखाली घेतलं. अडचण झाली ती तीन वर्षांपूर्वी घरी सांगितल्यावर. मी ‘आलो’ म्हणत होतोच. आता ‘आली’ की ‘आला’ हे आईपप्पांना ठरवायचं होतं.

सुट्टीवर गेलो होतो, स्वयंपाकघरात सांगितलं. पप्पांनी एवढंच विचारलं, “म्हणजे सिग्नलवर असतात तसं?” त्यांचा दोष नाही. पेपरात ‘तृतीयपंथी’ हा एकच शब्द येतो आणि त्याच्याबरोबर एकच चित्र. मुलगी म्हणून जन्मलेला ट्रान्स पुरुष त्या चित्रात कुठंच नसतो. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. ती करपली, तेव्हा म्हणाली, “लोकांना काय सांगायचं?”

हा प्रश्न इथं जर्मनीत, स्टुटगार्टमधल्या मित्रांना सांगितला की ते चिडतात. लोकांचं काय एवढं, पटत नसेल तर आईबापांना सोड, म्हणतात. तिकडं शाळेच्या ग्रुपवर दोन बाजू पडल्यात. एक म्हणते हे परदेशातलं खूळ, दुसरी म्हणते आपल्या संस्कृतीत हे पहिल्यापासून मान्यच आहे. मला यातलं काहीच पटत नाही.

परदेशी खूळ म्हणावं, तर आई दरवर्षी ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला जाते, लुगडं नेसलेल्या जोगत्याच्या पाया पडते, परडीत जोगवा घालते. पण तोच जोगता कुणाच्या तरी घरातला मुलगा असतो. सख्ख्या बहिणीच्या लग्नात त्याला पंगतीला बोलावतात का? देवीला सोडलेलं पोर चालतं, घरात राहिलेलं चालत नाही. याला मी मान्यता म्हणणार नाही.

कायदा दोन्हीकडं आहे. आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला. २०१९ च्या कायद्यानं त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्याची जोड दिली. जर्मनीत कागदावरचं नाव आणि लिंग बदलायला १९८० च्या कायद्याप्रमाणं दोन तज्ज्ञांचे अहवाल आणि कोर्टाचा निकाल लागायचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून नोंदणी कार्यालयाला तीन महिने आधी कळवायचं आणि मग जाऊन सही करायची, एवढंच. (पश्चिमेत सगळे एकमतानं पुढं गेलेत असंही नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये समानता कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे जन्मानं स्त्री, असा अर्थ लावला.) मी सही करून बाहेर आलो, बाकावर बसलो, आणि ही बातमी कुणाला फोन करून सांगावी ते कळेना. हातातल्या कागदावर माझ्या नव्या नावाच्या मधोमध पप्पांचं नाव होतं. ‘आईबापांना सोड’ म्हणणाऱ्यांना मी काय दाखवू?

म्हणून मला आईचा प्रश्न भित्रा वाटत नाही. तो रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. मी मनाची तयारी करायला दहा वर्षं घेतली आणि त्यांना एक संध्याकाळ दिली. सांगून मी विमानात बसलो. गिरणीच्या रांगेत, उद्यमनगरात लेथवर, आत्याच्या फोनवर उत्तरं त्यांना द्यायची होती. मुलाच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ भेटतात, आईबापांच्या शेजारी बसणारं कुणी नसतं. मुंबईत ‘स्वीकार’ ही अशाच पालकांची संघटना आहे. तसा गट कोल्हापुरात, इचलकरंजीत, सांगलीत हवा, आणि तिथलं बोलणं आपल्या बोलीत हवं. मी पाठवलेल्या ढीगभर लिंकांपेक्षा, जिचा मुलगा माझ्यासारखाच आहे अशा एका बाईशी तासभर फोनवर बोलल्याचा आईला जास्त उपयोग झाला.

मात्र ज्याच्या हातात अजून पगार नाही, त्यानं माझं वाचून घाई करू नये, हे कळकळीनं सांगतो. काही घरांत भाकरी करपण्यावर थांबत नाही. पट्टा निघतो, कोंडून ठेवतात, घाईनं लग्न लावतात.

आईनं आपली वाट काढली. “लेकरू जेवलं का?” विचारते. ‘जेवली’ नाही, ‘जेवला’ही नाही. पप्पा बरेच दिवस फोनवर फक्त हवापाणी बोलत होते.

धाकटीचं लग्न मार्गशीर्षात आहे. परवा पप्पांनी पत्रिकेचं प्रूफ पाठवलं. त्यात माझं नवीन नाव आहे, मधे त्यांचं, पुढं आडनाव. नावाआधी ‘कु.’ नाही आणि ‘चि.’ही नाही, तेवढी जागा कोरी सोडलीय. खाली लिहिलंय, “प्रेसवाला सोमवारपर्यंत थांबतो म्हणालाय. काय घालू?”