‘टॉवरऐवजी छोटे डबे माथी मारले’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला, सोबतचे चारही फोटो मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं असं: होम थिएटरमध्ये समोरच्या मुख्य स्पीकर जोडीसाठी आम्ही टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) न देता बुकशेल्फ (फळीवर किंवा स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) दिले, म्हणजे ‘छोटे डबे माथी मारले’. सिनेमातल्या मारामारीत दम नाही, गाण्यांत मात्र बेस घोंगावतो, संवाद नीट कळत नाहीत आणि आवाज चढवला की रिसिव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर, बंद पडतो. तक्रारी खऱ्या आहेत. पण खापर डब्याच्या आकारावर फोडू नका. यातली एक चूक तर सरळ आमची आहे, ती खाली कबूल केली आहे.

तुमच्या दुसऱ्या फोटोत रिसिव्हरचा मेनू दिसतो. फ्रंट स्पीकर ‘लार्ज’वर आहेत आणि सबवूफर (फक्त बेस वाजवणारा वेगळा डबा, थोडक्यात सब) ‘एलएफई प्लस मेन’वर, म्हणजे सिनेमाच्या वेगळ्या बेस-ट्रॅकसोबत (एलएफई) फ्रंटचा बेसही त्याच्याकडे. निम्मं दुखणं इथेच आहे. लार्ज-स्मॉल ही नावं फसवी आहेत, त्यांचा डब्याच्या मापाशी संबंध नाही. लार्ज म्हणजे खालचा सगळा बेस त्याच स्पीकरकडे पाठवायचा, स्मॉल म्हणजे ठरावीक रेषेखालचा बेस सबकडे वळवायचा. तुमच्या स्पीकरचा वूफर, म्हणजे बेस वाजवणारा हलता कोन, सव्वापाच इंची. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनला चौपट हलावं लागतं: ८० हर्ट्झला १ मिलिमीटर, तर ४० ला ४ आणि २० ला १६. पोर्ट (डब्याला बेससाठी ठेवलेलं भोक) थोडा हात देतो, पण तो ज्या स्वरासाठी बनवलाय त्याच्या खाली गेलं की कोनमागचा हवेचा आधारच सुटतो आणि तो नुसता फडफडतो. त्याच कोनने वरचे स्वरही वाजवायचे असतात, म्हणून तेही गढूळ होतात. रिसिव्हरची ताकदही या खालच्या बेसमध्येच खर्च होते.

तुम्ही ऑटो सेटअप (रिसिव्हर माइकने ऐकून स्वतःच सेटिंग ठरवतो ते) दोनदा केलात आणि दोन्ही वेळा लार्जच आलं, यात नवल नाही. स्पीकर टीव्ही युनिटच्या कोनाड्यात आहेत. तिथे बेस फुगतो, माइकला तो फुगलेला बेस ऐकू येतो आणि मशीन समजतं की स्पीकर खोलवर जातोय. म्हणून ऑटो सेटअप झाला की दर वेळी हे हातानेच बदलायचं: फ्रंट आणि सेंटर (मधला, संवादांचा स्पीकर) स्मॉल, क्रॉसओव्हर (बेस सबकडे वळवायची ती रेषा) ८० हर्ट्झ, मागचे छोटे स्पीकर १००, बेसचा मोड फक्त ‘एलएफई’, एलएफईचा लो-पास (त्यावरचं कापणारी मर्यादा) १२०. सबचं अंतर ९ फुटांऐवजी १४ फूट दाखवत असेल तर ते ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

आता तिसरा फोटो, सबची मागची बाजू. क्रॉसओव्हरचा नॉब ६० वर आहे. रिसिव्हर ८० खालचं सबकडे पाठवणार आणि सब ६० वरचं कापणार, म्हणजे मधला पट्टा कुणीच वाजवत नाही. ढोलाची थाप, बुक्क्याचा ठोका यांचं वजन बरंचसं त्याच भागात असतं. नॉब पूर्ण उजवीकडे फिरवा. छाटणीचं काम रिसिव्हर करतोय, दोघांनी करायला नको. मग ८० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि सोफ्यावर बसून दुसऱ्या कुणाला तरी सबवरचं ‘फेज’ सेटिंग (सब आणि स्पीकर एकत्र ताल धरतात का ते ठरवणारं) ० आणि १८० असं बदलायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा, तीच बाजू बरोबर.

घोंगावण्याचं कारण वेगळं. हॉल ११ बाय १५ फुटांचा. १५ फूट लांबीत साधारण ३७-३८ हर्ट्झला आवाज घुमतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी असतो. तुमचा सब समोरच्या कोपऱ्यात आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. सोफा दीड फूट पुढे घ्या, नाहीतर सब हलवा. जागा शोधायची रीत अशी: सब तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बेस चालणारं गाणं लावा आणि समोरच्या भिंतीकडेने रांगत फिरा. घरचे हसतील, हसू द्या. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि सुटा ऐकू येईल तिथे सब ठेवायचा.

आता आमची चूक. या स्पीकरचा पोर्ट मागे आहे आणि आमच्या माणसांनी ते युनिटमध्ये आत ढकलून ठेवले, मागे जेमतेम दोन इंच जागा. शिवाय डावा स्पीकर आडवा. दोन वूफरांचे सेंटर स्पीकर आडवे असतात म्हणून हाही चालेल, असं त्यांना वाटलं असावं. पण या स्पीकरमध्ये ट्विटर (वरचे बारीक स्वर वाजवणारा भाग) आणि वूफर एकावर एक आहेत. आडवा केला की सोफ्यावरच्या प्रत्येक जागी आवाज वेगळा. कोटेशनचा आकडा कमी दिसावा म्हणून स्टँड आम्ही सुचवलेच नाहीत, हेही चुकलं. २४ इंची स्टँडवर ट्विटर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या आसपास येतो. भिंतीपासून किमान १० इंच अंतर, दोन्ही स्पीकर किंचित आत वळवलेले. स्टँडची नळी पोकळ असेल तर कोरडी वाळू भरायची, खाली कडप्प्याचा तुकडा. अंतर देणं अगदीच अशक्य असेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालायचा. सब सोबत असल्याने काही बिघडत नाही.

संवादांसाठी सेंटर फळीच्या पुढच्या कडेशी आणा, खाली रबराच्या पाचरी लावून तोंड कानाकडे वर करा आणि लेव्हल २ डेसिबल वाढवा. समोरच्या काचेच्या टीपॉयवर सिनेमापुरती जाड चादर टाकून बघा, फरक कळेल.

रिसिव्हर बंद पडतो त्याची बहुधा दोन कारणं. एक, लार्जमुळे पडणारा भार. दुसरं चौथ्या फोटोत दिसतं: उजव्या स्पीकरच्या वायरीचा एक तांब्याचा तंतू शेजारच्या टर्मिनलला जवळजवळ टेकलाय. प्लग काढून वायर पिळून घट्ट करा आणि तोवर आवाज चढवू नका. रिसिव्हरच्या वर सेट टॉप बॉक्सही ठेवलाय, तोही हलवा. वर चार इंच मोकळी हवा हवी.

टॉवर हवे होते का? हिशेब करू. तुमचे स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८६ डेसिबल देतात. ९ फुटांवर सुमारे ९ डेसिबल घटतात, उरले ७७. ऑटो सेटअपनंतर डिस्प्लेवर आवाजाचा आकडा -१५ ठेवून पाहिलंत तर एका स्पीकरवरचे सर्वांत मोठे आवाज ९० डेसिबलपर्यंत जातात. त्याला १३ डेसिबल जास्त हवेत, म्हणजे २० वॉट. रिसिव्हरला ते जड नाही. फ्लॅटमध्ये याहून मोठा आवाज रोज लावणं वरच्या-खालच्यांना झेपणारही नाही. सब असताना टॉवरही ८० वरच कापायचे असतात, त्यामुळे त्यांच्या खोल बेसचा फायदा इथे बराचसा वाया जातो. मात्र २० फुटी हॉल असता, किंवा सब न ठेवता फक्त गाणी ऐकायची असती, तर तुमचं म्हणणं बरोबर होतं आणि आम्ही टॉवरच सुचवले असते.

शनिवारी आमचे दोघे स्टँड घेऊन येतील. स्टँडचे पैसे घेणार नाही, चूक आमची. बसवून झाल्यावर महिनाभर ऐका. तरीही मन लागलं नाही तर स्पीकरची पूर्ण किंमत धरून टॉवर बदलून देऊ. तेवढं सेट टॉप बॉक्स कुठे हलवायचा ते ठरवून ठेवा.